जन्म तिथलाच, तरी नागरिक नाही!

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली आपला गुलामगिरी हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केला. त्या मुक्तीच्या आधी एका गुलामाने न्यायालयात अकरा वर्षे झुंज दिली होती. त्याचे नाव ड्रेड स्कॉट. चळवळीच्या प्रत्येक वाचकाला त्याचे चरित्र ठाऊक असले पाहिजे, असे आम्हाला वाटते.

१७९९ च्या सुमारास व्हर्जिनियात तो गुलाम म्हणूनच जन्मला. पुढे मिसुरी राज्यात जॉन इमर्सन या लष्करी डॉक्टरने त्याला विकत घेतले. डॉक्टरबरोबर तो इलिनॉय राज्यात आणि नंतर फोर्ट स्नेलिंगच्या छावणीत राहिला. दोन्हीकडे गुलामगिरीला कायद्याने बंदी होती. छावणीतच हॅरिएटशी त्याचे लग्न झाले. मिसुरीत परतल्यावर १८४६ साली दोघा नवराबायकोंनी स्वातंत्र्यासाठी दावे लावले. १८५० साली ते जिंकले; १८५२ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला.

६ मार्च १८५७ रोजी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी स्कॉटचा दावा फेटाळला. आफ्रिकी गुलामांचे वंशज, मग ते स्वतंत्र का असेनात, अमेरिकेचे नागरिक होऊच शकत नाहीत, असे सरन्यायाधीश रॉजर टॅनी यांनी ठरवले. युरोपातून आलेला गोरा अर्ज करून नागरिक होत होता आणि त्याच मातीत जन्मलेला काळा उपरा ठरत होता! जन्मावरून माणसाची पायरी ठरवणारा हा न्याय आम्हाला कोणी समजावून सांगायला नको.

त्याच वर्षी मे महिन्यात स्कॉट कुटुंब मुक्त झाले. पण १७ सप्टेंबर १८५८ रोजी स्कॉट क्षयाने वारला. तो स्वतंत्र होऊन मेला, नागरिक होऊन नव्हे.

१८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीने टॅनींचा निकाल पुसला. अमेरिकेत जन्मलेला आणि तिच्या कायद्याच्या कक्षेत असलेला प्रत्येकजण नागरिक ठरला. १८९८ साली चिनी आईबापांच्या पोटी सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेल्या वाँग किम आर्कलाही न्यायालयाने याच आधारे नागरिक मानले. तिथला राष्ट्राध्यक्ष जन्मसिद्ध नागरिकच असावा लागतो. संविधानात या शब्दाची व्याख्या नाही. पण ज्याला नंतर अर्ज करून नागरिकत्व घ्यावे लागले नाही, जो जन्मतःच नागरिक आहे तो जन्मसिद्ध, असा अर्थ सर्वसाधारणपणे मानला जातो. तरीही हवाईत जन्मलेल्या बराक ओबामांकडे २००८ नंतरही जन्माचा दाखला मागितला जात राहिला.

नागरिकत्व ही सत्ताधाऱ्यांची मेहेरबानी नव्हे. ते कोणाला नाकारले जाते, यावरूनच त्या देशाची लोकशाही जोखावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.