स्वामी रामानंद तीर्थ

स्वामी रामानंद तीर्थ यांचा जन्म ३ ऑक्टोबर १९०३ रोजी सिंदगी गावी झाला. हे गाव आता कर्नाटकात आहे. त्यांचे खरे नाव व्यंकटेश खेडगीकर. ते हिप्परगा आणि अंबाजोगाई येथे शाळेत मास्तर होते. त्यांनी लग्न केले नाही. १९३२ साली संन्यास घेतला.

तेव्हा आपला जालना निजामाच्या राज्यात होता. १५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला, पण आपण झालो नाही. स्वामीजी लढले. निजामाने त्यांना पुन्हा पुन्हा तुरुंगात टाकले. रझाकार गावं लुटायचे, घरं जाळायचे, माणसं मारायचे. शोएबुल्ला खान हे मुसलमान होते. त्यांनी वर्तमानपत्रात रझाकारांविरुद्ध लिहिले, म्हणून त्यांचाही खून झाला.

१७ सप्टेंबर १९४८ ला निजाम शरण आला. सगळ्यांना आनंद झाला. पण मग काही लोकांनी सूड म्हणून गरीब मुसलमानांना मारले. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने चौकशी केली. सगळ्या हैदराबाद राज्यात २७ ते ४० हजार माणसे मेली, असा तिचा अंदाज होता.

माझी पणजी तेव्हा माझ्याएवढी होती. रझाकार आले की ती बाजरीत लपायची. नंतर तिच्या बापाने शेजारच्या खालाला अन् तिच्या लेकरांना बळदात लपवलं. पणजी त्यांना गुपचूप भाकर द्यायची. ती सांगायची, की खालाची लेकरं तिच्यासारखीच थरथर कापत होती.

स्वामीजींचे भांडण निजामाच्या जुलमाशी होते, मुसलमानांशी नव्हते. ते २२ जानेवारी १९७२ रोजी वारले. मित्रांनो, १७ सप्टेंबरला झेंड्याला वंदन करताना मेलेल्या सगळ्या माणसांची आठवण ठेवा.