जमीन मागितली, खडी मिळाली

१ जुलै आला की यवतमाळ जिल्ह्यात वसंतराव नाईकांच्या पुतळ्यांना हार पडतात. शासन हा दिवस कृषी दिन म्हणून साजरा करते. भाषणांत दोन गोष्टी हमखास येतात, एक हरितक्रांती आणि दुसरी रोजगार हमी योजना. हरितक्रांतीवर बोलायला ज्यांच्याकडे वावर आहे ते पुष्कळ आहेत. रोजगार हमीवर मात्र आपण बोलले पाहिजे, कारण त्या कामावर टोपले उचलणारा माणूस आपल्या वस्तीतला होता. तो कधी व्यासपीठावर बसला नाही आणि त्याला कोणी हिशेबही विचारला नाही.

नाईकांचा जन्म १ जुलै १९१३ चा, पुसद तालुक्यातील गहुलीचा. बंजारा समाजाचा हा तांडा आजोबा चतुरसिंग नाईकांनी वसवला. वडील फुलसिंग तांड्याचे नायक. इंग्रजांनी ज्या समाजांवर गुन्हेगार जमातीचा शिक्का मारला, त्या भटक्या-विमुक्तांच्या दुनियेतला एक मुलगा नागपूरला जाऊन पदवी घेतो, १९४० साली वकील होतो, ही साधी गोष्ट नव्हे. अमरावतीत डॉ. पंजाबराव देशमुखांच्या हाताखाली काही काळ वकिली केली, मग पुसदला. १९४१ मध्ये त्यांनी वत्सला घाटे या ब्राह्मण मुलीशी विवाह केला. बाबासाहेबांनी जातिनिर्मूलनासाठी आंतरजातीय विवाहाचा मार्ग मांडून तेव्हा पाचच वर्षे झाली होती. नाईक आपल्या चळवळीचे नव्हते, काँग्रेसचे होते. तरी हे धाडस त्यांच्या नावावर जमा केले पाहिजे.

१९४६ मध्ये पुसदचे नगराध्यक्ष, १९५२ मध्ये जुन्या मध्य प्रदेशच्या विधानसभेत आमदार आणि महसूल खात्याचे उपमंत्री, १९५६ नंतर द्विभाषिक मुंबई राज्यात मंत्री, असा हा प्रवास भरभर झाला. १९६० मध्ये महाराष्ट्र झाला तेव्हा महसूलमंत्रीपद त्यांच्याकडे आले. इथे थोडे थांबावे लागेल.

महसूलमंत्री म्हणून त्यांच्या काळात दोन मोठी कामे झाली. पंचायत राज्यासाठी नेमलेल्या समितीचे ते अध्यक्ष होते. तिच्या अहवालावरून १९६१ चा जिल्हा परिषद कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. दुसरे काम १९६१ च्या कमाल जमीन धारणा कायद्याचे. वकील म्हणून मी हा कायदा पुन्हा पुन्हा वाचला आहे. मर्यादा इतकी सैल ठेवली होती की मोठ्या जमीनदाराला भावाच्या, पुतण्याच्या, प्रसंगी नोकराच्या नावावर वाटणी दाखवून सुटता येत होते. कोरडवाहूची मर्यादा ५४ एकरांवर आली ती २ ऑक्टोबर १९७५ पासून, नाईक पायउतार झाल्यावर. तोवर जमिनी कागदावर वाटून झाल्या होत्या. वाटायला शिल्लक राहिली ती मुरमाड, नाल्याकाठची. हा कायदा कडक झाला असता तर पुढे खडी फोडायला किती हात लागले असते, हा प्रश्न मला नेहमी पडतो.

५ डिसेंबर १९६३ रोजी नाईक मुख्यमंत्री झाले. बरोबर एक वर्ष आणि एक दिवसाने, ६ डिसेंबर १९६४ ला, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणदिनी, दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली रिपब्लिकन पक्षाचा देशव्यापी भूमिहीन सत्याग्रह सुरू झाला. लाखो माणसे तुरुंगात गेली. बायका कडेवर पोरे घेऊन गेल्या. मागणी स्पष्ट होती : पडीक आणि सरकारी जमीन कसणाऱ्या भूमिहीनाच्या नावे करा. त्यामागे १९४७ सालचे बाबासाहेबांचे निवेदन होते. शेतजमीन राज्याच्या मालकीची करावी, म्हणजे गावात जमीनदार राहणार नाही, कूळ राहणार नाही आणि भूमिहीन मजूरही राहणार नाही, अशी ती मांडणी. सरकारने आश्वासने दिली. काही ठिकाणी गायरानाचे पट्टे मिळाले, बऱ्याच ठिकाणी अतिक्रमणाची नोटीस मिळाली.

नाईकांचे लक्ष त्या वेळी धान्यावर होते. राज्य दोन वर्षांत अन्नधान्यात स्वयंपूर्ण झाले नाही तर आपल्याला फासावर द्या, असे त्यांनी १९६५ मध्ये पुण्याच्या शनिवारवाड्यावर जाहीरपणे सांगितले. संकरित ज्वारी आली, कृषी विद्यापीठे उभी राहिली, कापूस एकाधिकार खरेदी आली. हे सगळे सातबारा असलेल्या माणसासाठी होते.

रोजगार हमीची कल्पना नाईकांची नव्हे, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. ती वि. स. पागे यांची. विधान परिषदेचे सभापती असलेल्या पागेंनी १९६५ च्या सुमारास तासगाव तालुक्यातील आपल्या विसापूरला तिचा प्रयोग करून पाहिला. (१९६८ पासून त्याच सभागृहात उपसभापतिपदी आपले दादासाहेब गवई होते.) नाईकांचे श्रेय एवढे की त्यांनी ती कल्पना फायलीत पडू दिली नाही. १ मे १९७२ ला योजना जाहीर झाली. दादासाहेब गायकवाड त्याआधी चारच महिने, २९ डिसेंबर १९७१ ला, गेले होते.

मग दुष्काळ आला. १९७३ च्या मे महिन्यात राज्यभर दुष्काळी कामांवर जवळपास पन्नास लाख माणसे होती. मिलो ज्वारी आणि सुकडीवर लोकांनी ते वर्ष काढले. रस्त्यांसाठी खडी फोडली, पाझर तलाव खणले, नाला बांध घातले. भुकेने माणसे किड्यामुंगीसारखी मेली नाहीत, ही नाईक सरकारची कमाई आहे. ती नाकारणे खोटेपणा होईल. आपल्या वस्तीतल्या बायांना पाटलाच्या वाड्यापुढे पदर न पसरता हाती पैसे मिळाले. सालदाराला मालकाला नाही म्हणता येऊ लागले. त्याच १९७२ साली परभणी जिल्ह्यातील ब्राह्मणगावात विहिरीच्या पाण्यावरून बौद्ध स्त्रियांची विटंबना झाली आणि मुंबईत दलित पँथर उभी राहिली. मजुरी मिळाली तरी पाणी आणि जमीन कोणाची, हा प्रश्न जिथल्या तिथे होता.

२० फेब्रुवारी १९७५ ला नाईकांचे मुख्यमंत्रीपद गेले. योजनेसाठी नोकरदारांवर व्यवसाय कर बसला तो त्याच वर्षी. १९७७ मध्ये विधिमंडळाने एकमताने रोजगार हमी कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. राज्यघटनेच्या ४१ व्या कलमातला, कोर्टात मागता न येणारा कामाचा हक्क महाराष्ट्रात मागता येऊ लागला. पंधरा दिवसांत काम नाही तर बेकारभत्ता. वाशीममधून लोकसभेत गेलेले नाईक १८ ऑगस्ट १९७९ ला सिंगापूरला वारले, तेव्हा कायदा सात महिन्यांचा होता.

या योजनेचे मूल्यमापन झाले नाही असे नाही. नियोजन आयोग आणि राज्याच्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयाचा संयुक्त अहवाल १९८० मध्ये आला. कुमुदिनी दांडेकरांनी कामावरच्या स्त्रियांवर १९८३ मध्ये पुस्तक लिहिले. त्याच वर्षी हेरिंग आणि एडवर्ड्स या परदेशी अभ्यासकांनी दाखवून दिले की मजुरी गरिबाला मिळते, पण त्या मजुरीतून तयार झालेल्या मालमत्तेचा मोठा लाभ जमीनवाल्याला होतो. अभ्यासकांनी प्रश्न विचारला. शासनाच्या महिन्याच्या अहवालात मात्र त्याला रकानाच नव्हता. खर्च किती, कामे किती, मजूर उपस्थिती किती, एवढेच. पाझर तलावाखाली कोणाच्या विहिरीला पाणी वाढले, हे कोणी लिहिले नाही. १९९० नंतर याच योजनेतून फळबागा आल्या, खासगी विहिरी आल्या. ज्याच्या नावे सातबारा, त्याच्याच धुऱ्यावर आंबा लागला.

जिल्हा परिषदेचा पाया घालणाऱ्या माणसाच्या राज्यात ही योजना कलेक्टर-तहसीलदारांच्या हाती राहिली, हे आणखी एक नवल. काम कुठे काढायचे हे ग्रामसभेने ठरवावे, हिशेब ग्रामसभेत वाचावा, ही तरतूद केंद्राच्या २००५ च्या कायद्यात आली. २ फेब्रुवारी २००६ ला तो सुरू झाला तेव्हा पहिल्या दोनशे जिल्ह्यांत यवतमाळ होते. अनुसूचित जाती-जमातींच्या जमिनीवरील कामाला त्यात प्राधान्य होते, पण जमीन असेल तर! डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला. शंभर दिवसांचे सव्वाशे झाले. जमिनीचे काय, हे त्यातही नाही.

मी स्वतः एका गावात मजुरांचे नमुना ४ चे अर्ज भरून दिले होते. कार्यालयाने अर्ज घेतले, तारखेची पोच मात्र दिली नाही. पोच नाही म्हणजे पंधरा दिवस मोजायला सुरुवात नाही, आणि बेकारभत्ताही नाही. अहवालात त्या गावातली मागणी शून्य. त्या अर्जांत एक म्हातारी होती. बहात्तरच्या दुष्काळात तिने आईबरोबर गावच्या पाझर तलावावर माती वाहिली होती. तलाव अजून आहे. त्याच्याखालच्या वावरात ती मजुरीने निंदायला जाते.

त्या तलावाखालचे सातबारे, १९७२ पासूनच्या फेरफारांसह, आम्ही तलाठ्याकडे मागितले आहेत. या वेळी पोच घेतली आहे.