नागाहो मोनोनोबे

नागाहो मोनोनोबे (१९ जुलै, १८८८ – ९ सप्टेंबर, १९४१) हे जपानी स्थापत्य अभियंते आणि भूकंप अभियांत्रिकीच्या प्रवर्तकांपैकी एक होते. मातीचा भराव अडवून धरणाऱ्या संरक्षक भिंतीवर भूकंपाच्या वेळी किती दाब येतो, हे काढण्याची मोनोनोबे-ओकाबे पद्धत त्यांच्या नावाने ओळखली जाते. भारतीय मानकांनीही ही पद्धत स्वीकारली आहे.

जीवन

मोनोनोबे यांचा जन्म जपानच्या अकिता प्रांतात झाला. १९११ साली टोकियो इंपिरियल विद्यापीठातून स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेतल्यावर त्यांनी काही काळ रेल्वेत आणि नंतर गृहमंत्रालयात काम केले. नद्यांची कामे त्या काळी याच मंत्रालयाकडे होती. बांधकामांच्या कंपनांवरील व भूकंपरोधावरील संशोधनासाठी १९२५ साली त्यांना जपानच्या इंपिरियल अकादमीचे पारितोषिक मिळाले. १९२६ साली ते विद्यापीठात प्राध्यापक आणि मंत्रालयाच्या स्थापत्य संशोधन संस्थेचे संचालक झाले. पूरनियंत्रण व वीजनिर्मिती ही दोन्ही कामे एकाच जलाशयाकडून करून घ्यावीत, या विचाराचा त्यांनी जपानमध्ये पुरस्कार केला. जलशास्त्र व भूकंपरोधक स्थापत्य या विषयांवर त्यांनी ग्रंथ लिहिले. वयाच्या ५३व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

संशोधन

१ सप्टेंबर, १९२३ रोजीच्या कांतो भूकंपात योकोहामा बंदरातील धक्क्यांच्या अनेक भिंती कोसळल्या. पुढील वर्षी साबुरो ओकाबे यांनी भूकंपातील मातीच्या दाबाचा सिद्धान्त मांडला. १९२९ साली टोकियोत भरलेल्या जागतिक अभियांत्रिकी परिषदेत मोनोनोबे व हारुओ मात्सुओ यांनी त्याच विषयावर निबंध सादर केला.

भिंतीमागची माती पाचरीच्या आकारात घसरते, असे फ्रेंच अभियंता कुलोम याने अठराव्या शतकात दाखवले होते. या पाचरीच्या वजनाचा ठरावीक अंश आडवे आणि उभे बल म्हणून तिच्यावर लावायचा व त्यावरून भिंतीवरील वाढीव दाब काढायचा, हे या पद्धतीचे सूत्र होय. ती कोरड्या, चिकटपणा नसलेल्या मातीसाठी मांडली गेली.

मर्यादा आणि पुढील विकास

या पद्धतीने बल कळते. भिंत किती सरकेल हे कळत नाही. पाण्याकाठच्या भिंतीबाबत ही उणीव अधिक जाणवते. भरावातील पाण्याचा दाब हादऱ्यांबरोबर वाढतो, सैल वाळूचे द्रवीभवन होते आणि भिंत पाण्याच्या दिशेने ढकलली जाते. १९९५ सालच्या कोबे भूकंपात तेथील बंदराच्या भिंती काही ठिकाणी सुमारे ५ मीटरपर्यंत समुद्राकडे सरकल्या.

नेथन न्यूमार्क यांनी १९६५ साली सरकणाऱ्या ठोकळ्याचे प्रारूप मांडले. जमिनीचे त्वरण एका मर्यादेपलीकडे गेले की ठोकळा घसरतो. अशा प्रत्येक क्षणाचे घसरणे जोडत गेल्यास कायमचे विस्थापन मिळते. रिचर्ड्स व एल्म्स यांनी १९७९ साली हाच विचार संरक्षक भिंतींना लावला. त्यांच्या रीतीत भिंतीचे किती सरकणे चालेल हे आधी ठरवले जाते आणि त्यानुसार तिचे वजन निश्चित होते. मर्यादा ओलांडणारे त्वरण काढण्यासाठी मात्र मोनोनोबे-ओकाबे दाबाचाच आधार घ्यावा लागतो.

महाराष्ट्रातील संदर्भ

वजनाचा ठरावीक अंश भूकंपबल मानण्याची रीत कोयना धरणाच्या संकल्पनातही वापरली गेली होती. तेथे हा अंश ०.०५ धरला होता. ११ डिसेंबर, १९६७ रोजीच्या भूकंपात धरणावर गुरुत्वत्वरणाच्या सुमारे ०.४९ पट आडवे त्वरण नोंदले गेले. धरणाच्या काही खंडांना आडवे तडे गेले, पण धरण उभे राहिले. नंतर ते बळकट करण्यात आले. गृहीत अंश आणि प्रत्यक्ष हादरा यांतील तफावत त्यामुळे अभियंत्यांसमोर आली.

३० सप्टेंबर, १९९३ रोजी सोलापूरच्या ईशान्येस किल्लारी येथे भूकंप झाला. दख्खनचे पठार भूकंपापासून सुरक्षित आहे, ही समजूत त्याने मोडली. भारतीय मानकाच्या २००२ सालच्या आवृत्तीत सोलापूर तिसऱ्या भूकंप क्षेत्रात दाखवलेले आहे. शहरात सिद्धेश्वर तलाव आणि जवळच एकरूख तलाव आहे. अशा पाणथळ काठावर उभारलेल्या संरक्षक भिंतीचा विचार करताना मोनोनोबे यांच्या दाबाच्या गणिताबरोबरच विस्थापनाचा अंदाजही आवश्यक ठरतो.