ध्येयवेडे दादासाहेब फाळके

त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेले धुंडिराज गोविंद तथा दादासाहेब फाळके हे बडोद्याच्या कलाभवनाचे विद्यार्थी. मुंबईत ख्रिस्तचरित्रावरील चित्रपट पाहून त्यांनी चित्रपटनिर्मितीचा ध्यास घेतला. मुद्रणकलेत नाव मिळविलेल्या गृहस्थाने चाळिशीत हे साहस करावे, याला स्नेह्यांनी वेड ठरविले. अतिश्रमाने दृष्टीही अधू झाली. परंतु निश्चय ढळला नाही. विम्याची पॉलिसी गहाण टाकून ते १९१२ साली लंडनला गेले व तंत्र शिकून आले. कुंडीतील रोपाची वाढ पडद्यावर दाखवून त्यांनी भांडवल मिळविले. पत्नी सरस्वतीबाईंनी दागिने दिले, फिती धुण्याचे कामही केले. अखेर ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत प्रदर्शित झाला. स्नेह्यांनी ज्याला वेड म्हटले, त्यातूनच भारतीय चित्रपटसृष्टी उभी राहिली.