रेनकोटचा जनक : चार्ल्स मॅकिंटॉश

काही माणसांची नावे इतिहासाच्या पुस्तकात जातात, काहींची रस्त्यांना आणि चौकांना दिली जातात. पण थोड्या माणसांची नावे वस्तूंनाच चिकटतात. मग वस्तू उरते आणि माणूस हरवतो. डिझेल हे एका जर्मन अभियंत्याचे आडनाव होते, हे पेट्रोलपंपावर रांगेत उभ्या असलेल्या किती जणांना ठाऊक असते? तीच गत मॅकिंटॉशची. ब्रिटनमध्ये रेनकोटला आजही मॅकिंटॉश किंवा नुसते मॅक म्हणतात. त्यातही गंमत अशी की, वस्तूच्या नावात इंग्रजीतील ‘के’ हे एक जादा अक्षर घुसले आहे, ते त्या गृहस्थाच्या आडनावात नव्हते. म्हणजे नाव मिळाले, पण तेही धड मिळाले नाही!

दरवर्षी जून उजाडला की आमच्या महाविद्यालयाच्या सायकल स्टँडवर एकच विषय असतो : रेनकोट कोणता घ्यावा? कोणी म्हणतो प्लॅस्टिकचा स्वस्त घ्या, एक पावसाळा निघाला की पुरे. कोणी म्हणतो रबरी अस्तराचा जाड घ्या. कोणी म्हणतो काहीच घेऊ नका, नाहीतरी घामाने भिजायचेच आहे! मी रोज सात किलोमीटर सायकल मारीत येत असल्यामुळे हा प्रश्न माझ्या दृष्टीने केवळ चर्चेचा नाही. त्याचे उत्तर शोधता शोधता मी या स्कॉटिश गृहस्थापाशी येऊन पोचलो. कला शाखेच्या विद्यार्थ्याने रसायनशास्त्रात नाक खुपसू नये असा एक समज आहे. पण ही हकिकत रसायनांइतकीच माणसांचीही आहे.

चार्ल्स मॅकिंटॉशचा जन्म 29 डिसेंबर 1766 रोजी ग्लासगो येथे झाला. त्याचे वडील जॉर्ज मॅकिंटॉश हे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातून आलेले एक धडाडीचे कारखानदार होते. आपल्याकडे मसाल्यात जे दगडफूल घालतात, त्याच जातकुळीतल्या वनस्पतींपासून जांभळट तांबडा रंग तयार करण्याचा त्यांचा कारखाना होता. या रंगाला कडबेअर असे नाव होते. रंग उतरण्यासाठी अमोनिया लागे, आणि त्या काळी अमोनिया मिळण्याचे हुकमी साधन एकच होते, ते म्हणजे माणसाचे मूत्र! शहरभरातून ते गोळा करून कारखान्यात आणले जाई. धंद्याचे गुपित फुटू नये म्हणून कारखान्याभोवती उंच भिंत बांधलेली होती आणि कामावर मुद्दाम गेलिक भाषा बोलणारे डोंगरी लोक ठेवलेले होते. अशा वासाच्या आणि गुपितांच्या वातावरणात चार्ल्स लहानाचा मोठा झाला. पुढे त्याने जे जे केले त्याचे मूळ मला या भिंतीच्या आत दिसते. ज्या वस्तूकडे पाहून लोक नाक दाबतात, तिच्यातून काय निघेल याचा विचार करण्याची सवय त्याला घरातच लागली.

वडिलांनी त्याला एका पेढीवर कारकून म्हणून चिकटवले. पण त्याचे मन खतावणीत रमेना. वेळ मिळेल तेव्हा तो ग्लासगोला विल्यम अर्व्हिन यांची आणि पुढे एडिंबरोला जोसेफ ब्लॅक यांची रसायनशास्त्रावरील व्याख्याने ऐकू लागला. वयाची विशी पुरी होण्याच्या आतच त्याने नोकरीला रामराम ठोकला आणि नवसागर तयार करण्याचा उद्योग सुरू केला. 1797 साली त्याने हर्लेट येथे स्कॉटलंडमधला पहिला तुरटीचा कारखाना काढला. त्यासाठी लागणारा कच्चा माल कोणता? तर कोळसा काढून झालेल्या खाणींत पडून असलेला टाकाऊ दगड. येथेही पुन्हा तीच दृष्टी.

त्यानंतर आले विरंजक चूर्ण, म्हणजे आपली ब्लीचिंग पावडर. विझवलेल्या कोरड्या चुन्यात क्लोरीन वायू मुरवून हे चूर्ण करतात. कापड पांढरे करण्यासाठी ते आठवडेच्या आठवडे उन्हात पसरून ठेवण्याची जुनी पद्धत या भुकटीने मोडीत काढली. 1799 साली याचे पेटंट मिळाले ते चार्ल्स टेनंट याच्या नावाने. मॅकिंटॉश त्याचा भागीदार होता, आणि मूळ कल्पना बऱ्याच अंशी मॅकिंटॉशचीच होती असे जाणकार मानतात. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी, कारण तिचा हिशेब पुढे उलट्या बाजूने चुकता व्हायचा आहे.

1818 च्या सुमारास ग्लासगो शहरात गॅसचे दिवे आले. दगडी कोळसा तापवून गॅस काढायचा, तो नळांतून घरोघर पोचवायचा. पण मागे जे डांबर आणि घाणेरडे पाणी उरे, त्याचे काय करायचे ही गॅस कंपनीला पडलेली मोठीच पंचाईत होती. 1819 साली मॅकिंटॉशने हा सगळा टाकाऊ माल उचलण्याचा करार केला. त्याला हवा होता त्या पाण्यातला अमोनिया, वडिलांच्या रंगाच्या कारखान्यासाठी. डांबर हे त्याच्यासोबत आलेले लचांड! पण लचांड टाकून देणे त्याच्या स्वभावात नव्हते. त्याने डांबराचे ऊर्ध्वपातन केले आणि त्यातून नॅफ्था हे पातळ, उग्र वासाचे, झटकन उडून जाणारे तेल मिळवले. या नॅफ्थामध्ये रबर विरघळते!

येथे थोडे रबराविषयी सांगणे भाग आहे. दक्षिण अमेरिकेतील मूळचे रहिवासी झाडाचा ताजा चीक कापडाला चोपडून ते जलाभेद्य करीत. पण तो चीक समुद्रमार्गे युरोपात पोचेपर्यंत त्याचे घट्ट गोळे होत. त्या गोळ्यांचा उपयोग पेन्सिलीची अक्षरे पुसण्यापलीकडे फारसा होत नसे. गोळा पुन्हा पातळ करील असे स्वस्त द्रावण हवे होते, आणि ते मॅकिंटॉशच्या पिंपात पडलेले होते.

परंतु नॅफ्थामध्ये रबर विरघळते हे प्रथम मॅकिंटॉशला दिसले काय? नाही. एडिंबरोचा जेम्स साइम नावाचा अठरा वर्षांचा विद्यार्थी, वैद्यकाचा अभ्यास करता करता, 1818 सालीच या निष्कर्षाला आला होता आणि त्याने तो एका शास्त्रीय नियतकालिकात छापूनही टाकला होता. त्याने पेटंट घेतले नाही. त्याला डॉक्टर व्हायचे होते, कापडवाला नव्हे. पुढे तो त्या शतकातील एक थोर शल्यविशारद झाला. घोट्याच्या ठिकाणी पाय कापण्याची त्याची शस्त्रक्रिया त्याच्याच नावाने ओळखली जाते, आणि निर्जंतुक शस्त्रक्रियेचा प्रवर्तक जोसेफ लिस्टर हा त्याचा जावई. म्हणजे साइमचे फारसे बिघडले नाही हे खरे. तरीही ज्या कोटाला जगाने मॅकिंटॉश म्हटले त्याला साइम का म्हणू नये, हा प्रश्न उरतोच.

मी यावर पुष्कळ विचार केला आणि माझे मत मॅकिंटॉशच्या बाजूने झुकले. कारण असे. रबराचे द्रावण कापडाला नुसते चोपडले तर ते कापड हाताला चिकटते, अंगाला चिकटते, धूळ ओढून घेते. मॅकिंटॉशने काय केले? एका कापडावर द्रावणाचा थर दिला, दुसऱ्या कापडावरही दिला, आणि चिकट बाजू आतल्या आत येतील अशा रीतीने दोन्ही कापडे एकमेकांवर ठेवून रुळांखालून दाबून काढली. नॅफ्था उडून गेला, रबर मध्ये राहिले, आणि बाहेरून दोन्ही अंगांनी साधे कोरडे कापड! रबराचा चिकटपणा हा दोष होता, तोच त्याने डिंक म्हणून वापरला. ही युक्ती साइमच्या लेखात नव्हती. 1823 च्या जूनमध्ये मॅकिंटॉशला तिचे पेटंट मिळाले आणि त्याच वर्षी रॉयल सोसायटीने त्याला आपले सदस्यत्व दिले. विरंजक चूर्णाचे श्रेय टेनंटकडे गेले होते. आता साइमच्या शोधाचे मॅकिंटॉशकडे आले. नियतीच्या खतावणीत जमा आणि खर्च असे एकाच पानावर सापडतात.

1824 साली मँचेस्टर येथे बर्ली बंधूंच्या भागीदारीत कारखाना सुरू झाला. यांतील ह्यू बर्ली हा इसम 1819 साली मँचेस्टरच्या पीटर्लू मैदानावर शांतपणे जमलेल्या लोकांवर घोडदळ घालणाऱ्यांचा एक म्होरक्या होता. भागीदार निवडताना मॅकिंटॉशने भांडवल पाहिले, हात पाहिले नाहीत. चरित्रनायकाची आरती ओवाळायची म्हणून ही गोष्ट गाळावी, असे मला वाटत नाही.

कापडाची कीर्ती लवकर पसरली. सर जॉन फ्रँकलिन याने 1825 साली उत्तर ध्रुवप्रदेशाकडे जी मोहीम नेली, तिच्यात या कापडाने मढवलेली एक हलकी होडीसुद्धा होती. घोडागाडीच्या टपावर बसून प्रवास करणाऱ्यांना तर हा कोट म्हणजे वरदानच वाटले असेल. सायकल तेव्हा नव्हती. पण टपावरचा तो प्रवासी आणि आजचा सायकलस्वार यांची अवस्था एकच. दोघांनाही समोरून पाऊस, बाजूने वारा, आणि वर छप्पर नाही.

आणि मग तक्रारी सुरू झाल्या. मला खरा जिव्हाळा वाटतो तो चरित्राच्या या भागाविषयी, कारण सायकल स्टँडवरच्या तक्रारी हुबेहूब याच आहेत. पहिली तक्रार शिवणीची. मॅकिंटॉश कापड विकी, कोट शिंप्यांनी शिवावा अशी कल्पना. शिंपी आपल्या सवयीप्रमाणे टाके घालीत. प्रत्येक टाक्याला एक भोक, आणि प्रत्येक भोकातून पाणी. खांद्यावर आणि पाठीवर, जेथे पाऊस सर्वांत जास्त झोडपतो, नेमकी तेथेच शिवण! शेवटी कंपनीला कपडे स्वतः तयार करून शिवणी रबराने बुजवण्याचे काम अंगावर घ्यावे लागले. आजही दुकानात रेनकोट उलटा करून पाहावा. आतून शिवणींवर पट्टी चिकटवलेली नसेल तर कापड कितीही भारी असो, तो कोट खाली ठेवावा.

दुसरी तक्रार घामाची. जे कापड बाहेरचे पाणी आत येऊ देत नाही ते आतली वाफही बाहेर जाऊ देत नाही. डॉक्टर मंडळींनी हा कोट आरोग्यास अपायकारक ठरवला. थंड स्कॉटलंडमध्ये ही ओरड, तर कोकणातल्या दमट हवेत चढावर पेडल मारणाऱ्याचे काय? याचे समाधानकारक उत्तर मॅकिंटॉशला कधीच सापडले नाही. अमेरिकेत 1969 साली रॉबर्ट गोअर याने टेफ्लॉनच्या जातीचा पदार्थ झटका देऊन ताणला आणि पाण्याचा थेंब शिरणार नाही पण वाफ निसटेल इतकी बारीक छिद्रे असलेले पापुद्रे तयार झाले. ते कोट आजही महाग आहेत, आणि भर पावसाळ्यात बाहेरची हवाच ओलीचिंब असते तेव्हा तेही हात टेकतात असा अनुभव ऐकिवात आहे. ज्याला ते परवडत नाहीत त्याने काखेत झडप असलेला, पाठीमागे हवा खेळण्यास फट असलेला आणि बसल्यावर कंबर उघडी पडणार नाही इतका मागून लांब असलेला कोट पाहावा. भातलावणीच्या वेळी आपल्या बायका पाठीवर जे इरले घेतात, ते या दृष्टीने मला फार शहाणपणाचे वाटते. वरून छप्पर, खालून मोकळी हवा! अर्थात इरले घेऊन सायकल चालवता येत नाही. पहिल्याच वाऱ्याला स्वार आणि इरले दोन्ही ओढ्यात जातील. सायकलवाल्यांच्या बिनबाह्यांच्या केपचेही वाऱ्यात थोडेफार तसेच होते.

तिसरी तक्रार रबराचीच. ते थंडीत ताठ होई आणि उन्हात वितळल्यासारखे मऊ पडे. लोकरी कापडातील नैसर्गिक तेलकटपणाने त्याची नासाडी होई. शिवाय नॅफ्थाचा वास असा, की कोट घातलेला माणूस येण्याआधी त्याची वर्दी येत असावी. पुढे आगगाडीच्या बंद डब्यांतून लोक प्रवास करू लागले तशी टपावरची गिऱ्हाइकेही घटली. इकडे 1836 साली पेटंट मोडणाऱ्या रेशीम व्यापाऱ्यांवर खटला भरावा लागला. तो त्याने जिंकला.

लंडनचा टॉमस हँकॉक याने रबर दळून मऊ करण्याचे यंत्र काढले होते. स्पर्धा करीत बसण्याऐवजी मॅकिंटॉशने त्याला जवळ केले आणि पुढे भागीदार करून घेतले. रबराला गंधकाबरोबर तापवले की त्याचा ताठपणा आणि चिकटपणा दोन्ही जातात, हे अमेरिकेत चार्ल्स गुडइयरला उमगले होते. त्याचे नमुने पाहून हँकॉकनेही ती किमया साधली आणि 21 नोव्हेंबर 1843 रोजी इंग्लंडमध्ये पेटंटसाठी अर्ज केला. गुडइयर मागे पडला. श्रेयाचा हा तिसरा गुंता, त्यात मी शिरत नाही.

चार्ल्स मॅकिंटॉश मात्र त्याच वर्षी 25 जुलैला, म्हणजे चारच महिने आधी, ग्लासगोजवळच्या आपल्या घरी वारला होता. आपल्या कोटाचा मोठा दोष निघालेला त्याने पाहिला नाही. ग्लासगोच्या कॅथीड्रलच्या आवारात त्याला पुरले. मुलगा जॉर्ज याने 1847 साली त्याचे चरित्र लिहून प्रसिद्ध केले. मँचेस्टरची कंपनी पुढे ऐंशी वर्षे चालली आणि 1925 साली डनलॉप कंपनीने ती विकत घेतली. हीच ती हवेच्या टायरवाली डनलॉप.