प्रार्थना सोडू नका : आविलाची संत तेरेजा



राखेच्या बुधवारी कपाळावर राख घेताना आपण मनाशी काही निश्चय केले. रोज थोडा वेळ प्रार्थनेला देईन, हा त्यातला बहुतेकांचा निश्चय. पण दुसरा आठवडा उजाडतो आणि सकाळची लोकल, मुलांचे डबे, नळाचे पाणी यांत तो वेळ कुठे जातो ते कळतही नाही. मग वाटते, प्रार्थना हे संतांचे काम, आपले नव्हे. म्हणून आज अशा एका संत स्त्रीचे जीवन आपल्यासमोर ठेवतो, जिला स्वतःलाही प्रार्थना कितीतरी वर्षे जड गेली.

तेरेजाचा जन्म २८ मार्च १५१५ रोजी स्पेनमधील आविला शहरात झाला. लहानपणी ती आपला भाऊ रॉड्रिगो याला घेऊन श्रद्धेसाठी मरण पत्करायला घरातून निघाली होती. काकांनी दोघांना वाटेतून परत आणले. पुढे आई वारली. तरुणपणी तिला शौर्यकथांच्या पुस्तकांचा आणि नटण्यामुरडण्याचा नाद लागला. तरीही १५३५ साली, वडिलांची संमती नसताना, ती आविलाच्या कार्मेलाईट मठात दाखल झाली.

काही वर्षांतच ती गंभीर आजारी पडली. त्या काळात एका काकांनी तिला मौन प्रार्थनेवरील एक पुस्तक दिले आणि ती अंतःकरणातून प्रार्थना करायला शिकली. ऑगस्ट १५३९ मध्ये ती सुमारे चार दिवस बेशुद्ध होती. मठात तिच्यासाठी कबरही खणून ठेवली गेली! ती शुद्धीवर आली, पण जवळजवळ तीन वर्षे अंथरुणाला खिळून राहिली. आपण बऱ्या झालो त्या संत जोसेफच्या मध्यस्थीने, असे ती कृतज्ञतेने मानी.

एवढे सोसलेली तेरेजा आता प्रार्थनेत स्थिर होईल, असे आपल्याला वाटेल. घडले उलटेच. मठात पाहुण्यांची ये-जा मोठी होती. तेरेजा बोलकी होती, लोकांना हवीहवीशी वाटे. तासन्‌तास गप्पांत जाऊ लागले आणि देवासमोर एकांतात बसायची तिला लाज वाटू लागली. अशा मनाने देवाशी सलगी कशी करायची, म्हणून तिने एकांतातील प्रार्थना सोडली. ही नम्रता वाटत होती. पण नम्रतेच्या वेषातला तो मोठा मोह होता, हे तिने पुढे कबूल केले. वर्षभराहून अधिक काळ असा गेला.

याच काळातील एक प्रसंग मनाला लागतो. तिने आपल्या वडिलांना प्रार्थना करायला शिकवले होते. ते भेटायला आले तेव्हा आजारपणामुळे आपल्याला प्रार्थना जमत नाही, असे तिने सांगितले. त्या भल्या माणसाने विश्वास ठेवला. त्यांना स्वतःला मात्र प्रार्थनेची इतकी ओढ लागली होती की मुलीकडे जास्त वेळ बसणेही त्यांना नकोसे होई. शिकवणारी मागे राहिली होती, शिकणारा पुढे गेला होता. १५४३ साली वडील वारले. त्यांच्या डोमिनिकन पापनिवेदक धर्मगुरूंनी तेरेजाला पुन्हा प्रार्थना सुरू करायला सांगितले. तिने ती सुरू केली आणि मरेपर्यंत सोडली नाही.

पण गोडी लगेच आली नाही. एकूण सुमारे अठरा वर्षे तिची ही ओढाताण चालली. प्रार्थनेचा तास कधी संपतो, म्हणून तिचा कान घड्याळाच्या ठोक्याकडे लागलेला असे. हातात पुस्तक असल्याशिवाय प्रार्थनेला बसण्याचे तिला धैर्य होत नसे. तरीही ती बसत असे. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना भावना आणि इच्छा यांतील फरक मी परीक्षेपुरता पाठ केला होता. तो खरा समजला तेरेजामुळे. मन लागणे आपल्या हाती नसते, बसणे आपल्या हाती असते. आराधनेच्या तासाला माझीही नजर घड्याळाकडे जाते, हे आपल्यापासून कशाला लपवू?

१५५४ च्या प्रायश्चित्तकाळात मठात ठेवलेल्या जखमी ख्रिस्ताच्या मूर्तीसमोर तेरेजा उभी राहिली. त्या जखमा पाहून तिला रडू कोसळले आणि तिने प्रभूचे पाय धरले. त्याच सुमारास संत ऑगस्टीनचे आत्मनिवेदन तिच्या वाचनात आले. तेथून तिचे जीवन पालटले. २४ ऑगस्ट १५६२ रोजी तिने संत जोसेफच्या नावाने आविलात छोटा मठ स्थापन केला. तेथे दररोज सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास मौन प्रार्थनेसाठी राखून ठेवला. खालावलेल्या प्रकृतीने, गाडीतून प्रवास करत तिने एकूण सतरा मठ उभारले. हिशेब, पत्रे, बांधकाम सारे पाहिले, ग्रंथही लिहिले. ऑक्टोबर १५८२ मध्ये ती प्रभूघरी गेली.

१२ मार्च १६२२ रोजी, आपल्या गोव्यात विसावलेल्या संत फ्रान्सिस झेवियरबरोबरच, तिला संतपद मिळाले. २७ सप्टेंबर १९७० रोजी पोप सहावे पॉल यांनी तिला ख्रिस्तसभेची धर्मपंडिता घोषित केले. हा मान मिळालेली ती पहिली स्त्री.

बंधुभगिनींनो, ज्यांचा निश्चय मोडला असेल त्यांनी पुढच्या वर्षाची वाट पाहू नये. आज रात्री दहा मिनिटे काढा. वेळ ठरवा, जागा ठरवा, हाती शुभवर्तमान घ्या. मन भटकले तर भटकू द्या, आपण उठू नका. प्रभू आपली वाट पाहत आहे.

आपला,
प्रमुख धर्मगुरू