फ्रँकलिनची शेगडी

बेंजामिन फ्रँकलिन म्हटलं की सगळ्यांना पतंग आणि वीज आठवते. मला मात्र त्याची शेगडी जास्त आवडते. जन्म १७०६, बोस्टन. वडील मेणबत्त्या-साबण करणारे, शाळा जेमतेम दोन वर्षं. पुढे फिलाडेल्फियाला त्याने छापखाना काढला. तिथल्या थंडीत फायरप्लेसमधली बरीचशी ऊब धुराड्यातून वर निघून जायची. म्हणून १७४० नंतर त्याने जुन्या धुराड्यालाच जोडायची लोखंडी शेगडी बनवली. धूर मागून आधी खाली, मग धुराड्यात वर. जाता जाता उष्णता खोलीत सोडणार. कागदावर झकास! पण गरम वायू वर जातो, हे थर्मोच्या लेक्चरला झोपणाऱ्यालाही माहीत आहे. धुराडं थंड असलं की ड्राफ्टच मिळेना, धूर उलटा खोलीत. त्यात कार्बन मोनॉक्साइड, ना रंग ना वास, गुपचूप जीव घेणारा. नंतर डेव्हिड रिटनहाऊसने धुराला L-आकाराचा पाइप दिला, तेव्हा कुठे ती नीट पेटली.

गव्हर्नर पेटंट द्यायला तयार होता, फ्रँकलिननेच नको म्हटलं. लंडनच्या एका लोखंडवाल्याने थोडा फेरफार करून पेटंट घेतलं, पैसाही कमावला. हा भांडायला गेला नाही. (आपण गेलो असतो!) १७९० साली तो वारला. शेगडीला नाव मात्र त्याचंच राहिलं.